काळं बटण

आमच्या गोळीबार चौकात समुद्र यायचं काही कारण नव्हतं.
नाग नदीला घोट्याइतकं पाणी, तेही सुताच्या रंगाचं.
तरी एकाहत्तरच्या डिसेंबरात तो आला,
रेडिओतून, हेडाऊकाकांच्या मागाची खटखट थांबवून:
परदेशी आरमार निघालं आहे, उपसागराच्या दिशेनं.
"येऊ दे," काका म्हणाले,
"इथपर्यंत पानी कोन आनून देईन त्याले?"
सगळे हसले. बाबा नाही हसले.

बाबा अंबाझरीच्या कारखान्यात टर्नर.
तोफगोळ्यांची कवचं कातायचे, त्या महिन्यात दोन-दोन पाळ्या;
केसांत लोखंडाचा कीस घेऊन घरी यायचे
आणि आई फणीच्या आधी चुंबक फिरवायची.
त्यांनी बर्डीवरून शाळेतला नकाशा आणला,
जुन्या कोटाचं काळं बटण उसवलं,
काकांकडून वाटीभर खळ आणली
आणि व्हिएतनामच्या किनाऱ्याला ते बटण चिकटवलं.
रोज रात्री, खिडक्यांना काळे कागद लावून झाले की
नखानं उचकटायचं, अंगठाभर पुढं सरकवायचं.
निळ्यावर मागे राहायचा
खळीचा एक फिकट गोल.

धाकट्या गुलाबची चड्डी लाल ज्वारीच्या पोत्याची होती.
दुष्काळात आलेली ज्वारी संपून चार वर्षं झालेली,
पोतं टिकलं होतं.
बरोबर बुडावर छापलेले दोन हात, एकमेकांत गुंफलेले,
खाली त्या देशाचं नाव.
मावसभाऊ पश्चिमेच्या आघाडीवर होता, त्यानं कळवलं होतं,
पलीकडून हाती लागलेल्या खोक्यांवर
हेच हात आहेत, अशीच बोटं.
गुलाब म्हणाला, "बाबा, हेच लोकं ज्वारी देते,
हेच त्याइले गोळे देते,
अन् हेच आपल्यावर जहाज धाडते, काऊन?"
बाबा नकाशाकडे बघत राहिले.
आईनं ती चड्डी उसवली, उलटी करून पुन्हा शिवली.
हात आत गेले.
ते टोचतात म्हणून गुलाब आठवडाभर कुरकुरत होता.

मग बातमी आली, आपल्या दोस्ताच्या पाणबुड्या
त्या जहाजाच्या मागावर आहेत म्हणे.
बाबांनी पांढरं बटण लावलं, काळ्याच्या मागोमाग.
त्या रात्री पहिल्यांदा ते पोटभर जेवले.
आई ताट उचलताना थांबली.
"हे त्याइचं. ते बी दुसऱ्याचंच.
आपलं बटन कोन्तं हो?"

बाबांनी बटणांचा डबा पालथा केला.
हुक, चापाची, कारखान्याच्या गणवेशाची तुटकी पितळी.
शेवटी एक सापडलं, गुलाबच्या झबल्याचं,
ज्वारीच्या दाण्याएवढं.
ते त्यांनी उपसागरात लावलं
आणि दोन बोटांनी बराच वेळ दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी लढाई संपली.
चौकात पेढे वाटले. काळे कागद चुलीत गेले.

आता टीव्हीवर आरमाराची सलामी असते,
जहाजं ओळीनं उभी, पांढऱ्या कपड्यांतली पोरं कठड्याला.
दक्षिणेच्या कुठल्याशा बंदरात
कुणाचं तरी जहाज म्हणे संशोधनासाठी लागलंय,
आणि सूटबूटवाला पोरगा पडद्यावर लाल बाण काढतो.
रेल्वेतून रिटायर झालेला गुलाब
मला मोबाईलवर पाणबुड्या पाठवतो, बँडसकट.
मी अंगठा दाखवते.

परवा कपाटावरून नकाशा काढला.
अरबी समुद्र कसरीनं खाल्लाय.
नागपूरच्या जागी खिळ्याचं भोक,
तिथूनच तो भिंतीला टांगला होता.
पूर्वेला खळीचे गोल अजून आहेत, मोजले, सात.
सातही इकडे येणारे.
जहाज परत गेलं, ते साऱ्या जगानं ऐकलं,
पण तोवर बाबा पाळीवर निघून गेले होते
आणि आमच्या नकाशावर ते परत गेलंच नाही.

बटण कुठं गेलं, आठवत नाही.
आईच होती ती. लावलं असेल कुणाच्या तरी सदऱ्याला.